टीडीएस १८०, क्लिअर रिपोर्ट आणि विसळलेली बाटली

'टीडीएस १८० आहे, महिन्यापूर्वीचा लॅब रिपोर्ट क्लिअर आहे, तरी तीन विंगमध्ये पोटं बिघडतायत आणि कमिटी आरओ प्लांट बसवा म्हणतेय' हे तुमचं वाचलं आणि आमच्याच सोसायटीचं इतिवृत्त वाचतोय असं वाटलं. मी केमिस्ट नाही. पुण्याच्या वेशीवरच्या एका सोसायटीत चार वर्षं सेक्रेटरी होतो, तेवढाच माझा अधिकार.

टीडीएसचं सोडा. ते मीटर विरघळलेले क्षार मोजतं, जंतू नाही. टाकीत गटाराचं थोडं पाणी झिरपलं तरी १८० चे १८५ होतील. मला बोलायचंय ते त्या क्लिअर रिपोर्टबद्दल, कारण आमचा घात त्यानेच केला.

जंतूंच्या तपासणीसाठी मिळालेल्या काचेच्या बाटलीच्या तळाशी पांढरट थर होता. मला वाटलं, साबण राहिलाय. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने विसळून घ्यायची, एवढं ऐकून होतो, म्हणून हीसुद्धा तीनदा विसळली. तो थर सोडियम थायोसल्फेटचा होता. पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे मारून टाकायला घातलेला, म्हणजे बाटलीत येतानाचे जंतू लॅबमध्येही तसेच सापडावेत. त्यात नमुना घेणार म्हणून आमच्या पंपवाल्याने सकाळीच हायपोक्लोराइटचा (क्लोरीनच्या द्रावणाचा) कॅन टाकीत रिकामा केलेला, बिचाऱ्याला वाटलं चांगलंच करतोय. बाटलीतलं क्लोरीन वाटभर काम करत राहिलं आणि रिपोर्ट आला: कोलिफॉर्म (पाण्यात घाण शिरल्याची खूण मानले जाणारे जंतू) आढळले नाहीत.

पुढचे तीन आठवडे 'लोक बाहेरची पाणीपुरी खातात' यावर सभा. चूक कळल्यावर पुन्हा बाटली मागायला गेलो त्या कार्यालयात (नाव घेत नाही) उत्तर मिळालं, "रिपोर्ट क्लिअर आहे ना, मग परत कशाला?" मग लेटरहेड आणा, अध्यक्षांचा शिक्का आणा, शुक्रवारी नमुना घेत नाही. शुक्रवारचं एक वेळ समजू शकतो, जंतू वाढवून बघायला २४ ते ४८ तास लागतात. पण बाटली देताना 'विसळू नका' हे दोन शब्द कुणाच्या तोंडून निघाले नाहीत, हे मला अजून पचलेलं नाही. दुसरा नमुना नीट घेतला: नळाचं तोंड ज्योतीने भाजून, दोन मिनिटं पाणी सोडून, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवला. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, निघाले. भूमिगत टाकी उपसली तेव्हा ड्रेनेज चेंबरच्या बाजूच्या भिंतीला तडा सापडला.

आता माझं मत, पटलं तर घ्या. आरओचे पाच लाख आत्ता घालवू नका. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादाच ५०० आहे. तुमच्या १८० ला आरओ म्हणजे अर्धंअधिक पाणी गटारात सोडायचा परवाना. टाकी दुरुस्त झाल्यावर काही बसवायचंच असेल तर अल्ट्राफिल्ट्रेशन (बारीक छिद्रांच्या पडद्यातून जंतू गाळणारं) बघा. यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) चालतो, पण पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या आड लपतात, आणि दिव्यातून पुढे गेलेल्या पाण्याला पाइपात कुणी वाली नसतो.

रोजची चाचणी मात्र क्लोरीनची करा, आणि तीही टाकीवर नको, सगळ्यात लांबच्या विंगच्या वरच्या मजल्यावरच्या नळाला. ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर तरी उरलं पाहिजे. जो आकडा काल होता आणि आज एकदम शून्य झाला, तिथे कुठेतरी घाण शिरतेय असं धरून शोधायला लागा. गावाकडे जलसुरक्षक क्लोरीनसाठी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतात, पिवळा रंग येतो ती. ते रसायन हाताला लागू देऊ नका, त्यापेक्षा क्लोरीन तपासायच्या डीपीडी गोळ्या बऱ्या. क्लोरीन फार झालं तर डीपीडीचा गुलाबी रंग येऊन उडून जातो, त्याला शून्य समजू नका. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पोतं उघडं ठेवलंत तर तिचा जोर उतरत जातो, हे जाता जाता.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण निघाल्यावर आमच्याकडे सगळे एकदम पाणीतज्ज्ञ झाले होते. क्लोरीनच्या रोजच्या नोंदींची वही महिनाभर भरली, मग पुन्हा कोरी.

कुणाला ताप किंवा पायात अशक्तपणा असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा. आणि तुमची भूमिगत टाकी ड्रेनेज चेंबरपासून किती फुटांवर आहे, ते इथे लिहा.