बारा बाजूंचा फासा

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा. दर शनिवारी ठाण्याला मित्राकडे जातो, पाच जण मिळून फासे टाकत राक्षस मारतात. परवा जेवताना बारा बाजूंचा एक फासा ताटाशेजारी ठेवून म्हणाला, "आई, विश्व असं असू शकतं." मी विचारलं, मग फाशाच्या बाहेर काय? तर म्हणे, "बाहेर नाहीच." ह्यांचं म्हणणं, बारावीच्या वर्षात असले किडे नकोत. फाशाचं खरं आहे का? आणि किड्यांचं काय करू?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, चिरंजीवांनी तुमची फिरकी घेतलेली नाही. २००३ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ-पिएर ल्युमिने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हेच मांडलं होतं. बारा पंचकोनी भिंतींची एक खोली आहे असं समजा. समोरच्या भिंतीतून आरपार गेलात की पाठीमागच्या भिंतीतून त्याच खोलीत परत, फक्त ३६ अंशांनी फिरून. दार नाही, गच्ची नाही, बाहेर नाही.

माझ्या डोक्यात हे शिरलं ते एका जप्त केलेल्या फोनमुळे. मी ३२ वर्षं एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक होतो. नोकिया ३३१० नवा होता तेव्हा पोरं प्रॅक्टिकलच्या वेळी टेबलाखाली साप खेळायची. एकाचा फोन काढून घेतला आणि दुपारभर मीच खेळत बसलो. भिंती नसलेलं मैदान निवडलं की साप उजव्या कडेतून गेला तर डावीकडून आत येतो, वरून गेला तर खालून. जणू चर्चगेटचा बफर ओलांडून गेलेली लोकल विरारच्या बाजूने पुन्हा आत यावी, आणि मोटरमनला कुठे वळल्याचं जाणवूही नये. इंचभर पडदा, पण त्याला कड नाही. मेदूवड्यावर फिरणाऱ्या मुंगीला तरी कुठे कड लागते? संध्याकाळी फोन परत देताना त्या पोराला म्हटलं, "तुझा साप मेदूवड्यावर राहतो." तो माझ्याकडे बघत राहिला, बहुधा तुम्ही परवा फाशाकडे बघितलंत तसाच.

आता खोलीत बसून खोलीचा आकार कळणार कसा? त्रिकोण काढून. कागदावर तीन कोनांची बेरीज १८० अंश. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत मोठा त्रिकोण काढला, तर ती २७० अंशही भरते. विश्वाचा त्रिकोण काढायला आपल्याकडे सर्वांत जुना प्रकाश आहे, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. त्यात किंचित उबदार-थंड ठिपके आहेत. त्यांचा खरा आकार गणिताने काढता येतो, अंतरही ठाऊक आहे. अवकाश वाकडं नसेल तर ते ठिपके साधारण एक अंशाचे दिसायला हवेत, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट. १९९८च्या अखेरीस 'बूमरँग' नावाची दुर्बीण फुग्याला टांगून अंटार्क्टिकावरून फिरवली. ठिपके एक अंशाचेच निघाले. पुढे 'प्लँक' उपग्रहाच्या मोजणीतही अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर विश्व सपाट भरलं.

सपाट म्हणजे पोळपाट नव्हे हं. त्रिकोणाची बेरीज १८० येते, एवढंच. आजच्या पेपरवर एक त्रिकोण काढा आणि पेपरची गुंडाळी करा. त्रिकोणाचे कोन बदलत नाहीत, पण पेपरच्या दोन कडा एकमेकींना भेटल्या. म्हणून विश्व सपाट असूनही सापाच्या पडद्यासारखं स्वतःत परत येणारं असू शकतं. मला तरी सगळ्यात मौज याचीच वाटते.

फाशाचं विश्व मात्र किंचित वाकडं असावं लागतं. शिवाय ती खोली पुरेशी लहान असती, तर तोच जुना प्रकाश दोन बाजूंनी आपल्याकडे आला असता, आणि आकाशात ठिपक्यांच्या सारख्या वर्तुळांच्या सहा जोड्या दिसल्या असत्या. त्या शोधून झाल्या, मिळाल्या नाहीत. खोली आपल्या नजरेच्या टप्प्याहून, म्हणजे चहूबाजूंना ४६०० कोटी प्रकाशवर्षांहून, मोठी असेल तर प्रश्नच मिटला. आपल्याला कळायचंच नाही. मुलगा "आहे" म्हणाला नाही, "असू शकतं" म्हणाला. लॅबच्या जर्नलमध्ये एवढा काटेकोर शब्द मी क्वचितच वाचला.

राहिले किडे. वांगणीला आकाशदर्शनासाठी मी रात्रीच्या कर्जत लोकलने जायचो आणि पहाटेच्या गाडीने घरी. आमची आई चाळीत सांगायची, पोराला रात्रपाळी असते. साहेबांना म्हणावं, शनिवार सोडून सहा दिवस उरतात, बारावीला तेवढे पुरतात. फाशांवर तो किती पैसे घालवतो तेवढं मात्र बघा. सात फाशांचा साधा संच असताना पोरं रंग बदलून तोच पुन्हा घेतात, आणि बारा बाजूंचा तर खेळात फारसा पडतही नाही.

रविवारी नाश्त्याला मेदूवडे करा आणि त्याला विचारा : वड्याच्या बाहेरच्या फुगीर बाजूवर त्रिकोण काढला तर बेरीज १८०हून जास्त येते, भोकाच्या बाजूला कमी. मग सापाचा पडदाही वडाच असेल, तर त्यावर ती सगळीकडे १८० कशी? उत्तर सापडलं तर त्यालाच पत्र लिहायला सांगा. वडे संपायच्या आत नाही जमणार.