फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे कायचे?

प्रश्न: नागपूरच्या महाल भागात माझं संगणक दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं सॉफ्टवेअर) टाकून दिलं, ६०० रुपये सांगितले. तो म्हणतो, "नेटवर फुकट मिळते ना बाप्पा, पैसे कायचे?" माझं चुकलं का?

उत्तर: नाही हो भाऊ. 'फ्री सॉफ्टवेअर'मधला फ्री म्हणजे मुक्त, फुकट नव्हे. ही चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन १९८५ साली स्वतःच ईमॅक्स या आपल्या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला विकत. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, ज्या जीपीएल नावाच्या परवान्याखाली येतो, त्यात प्रत पोचवण्याचे आणि हमीचे पैसे घ्यायची मुभा लिहूनच दिलीय. लिब्रेऑफिसचा परवाना वेगळा, पण पैशांना तोही आडवा येत नाही. मात्र गिऱ्हाइकाने तीच प्रत पेनड्राइव्हवर घालून अख्ख्या गल्लीत वाटली, तर अडवायचं नाही. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, मागितला तर तो मिळायची सोयही हवी.

आता खरं सांगा, बिलावर काय लिहिलं होतं? 'लिनक्स – ६००'? मग तो भडकणारच! मीही एकदा असंच बिल फाडून बोलणी खाल्लीत, तीही मे महिन्यात, कूलर बंद असताना. तेव्हापासून लिहितो: जुन्या डिस्कवरचे फोटो काढून देणे, सिस्टिम बसवणे, मराठी कीबोर्ड, प्रिंटर जोडणे, महिनाभर फोनवर मदत. प्रिंटरचे वेगळे लावा. एकेक प्रिंटर अख्खी दुपार खातो.