खारी कंद उकरतात त्यावर जाळीच, आणि तीही लावणीच्या दिवशीच

तुम्ही लिहिलंय की ट्युलिप आणि क्रोकस या फुलझाडांचे मिळून साठेक कंद लावले, दुसऱ्या दिवशी वाफाभर खड्डे, निम्मे कंद गायब, आणि लाल तिखट भुरभुरून पण काही फरक नाही. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण कंद लावणं म्हणजे चार-पाच महिने वाट बघण्याची तयारी असते आणि ती एका दिवसात अशी मोडली की लागतं मनाला.

आधी वाफ्यावर जे कंद उघडे पडलेत ते उचलून नीट बघा. खालचा चपटा भाग, जिथून मुळं फुटतात, तो शाबूत असेल आणि मधला कोंब कुरतडलेला नसेल तर कंद बहुतेक वेळा जगतो, एक दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या आणि परत लावा. अर्धा खाल्लेला असेल तर मात्र ठेवू नका, तो मातीत सडणार.

आता मूळ कारण. थंडीच्या तोंडावर खारी दाणे पुरून ठेवतात, आणि एका ठिकाणी ढीग करत नाहीत, एकेक दाणा वेगवेगळ्या जागी पुरतात, मग परत शोधताना आठवण पण वापरतात आणि नाक पण. त्यामुळे ताजी भुसभुशीत माती दिसली की इथे काहीतरी पुरलंय हे त्यांना लगेच कळतं, आणि आपली लावणी नेमकी त्याच दिवसांत येते. मी एकदा लावणी संपवून हात धुवायला आत गेले आणि खिडकीतून बघते तर खार वाफ्यावर हजर. नाक मातीला टेकवून दोन पावलं पुढे आली, थांबली, पुढच्या पायांनी भराभर उकरलं, ट्युलिपचा कंद वर काढला, पंजांत धरून गोल गोल फिरवत तपकिरी साल दातांनी सोलून टाकली आणि आतला पांढरा भाग खायला लागली. मग शेजारचा डॅफोडिल उकरला, हुंगला आणि तसाच टाकून गेली. डॅफोडिलच्या कंदात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं म्हणून त्याला सहसा कोणी तोंड लावत नाही. (हे कंद कांद्यासारखे दिसतात, चुकून स्वयंपाकघरात ठेवू नका.)

तर उपाय एकच खात्रीचा, तारेची जाळी, आणि ती लावणी झाल्या झाल्या, त्याच दिवशी. प्लास्टिकची नको, खारींचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि त्या प्लास्टिक सहज कुरतडतात, शिवाय सैल प्लास्टिक जाळीत साप, पक्षी अडकून मरतात, ते बघवत नाही. लोखंडी गॅल्वनाइज्ड जाळी घ्या, भोकं साधारण अर्ध्या इंचाची. कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट माती वर येईल इतकं खोल लावा, ट्युलिप तर १५ ते २० सेंटीमीटर खोल गेला तरी चालतो, मग माती हाताने दाबून, पाणी देऊन बसवा आणि तिच्यावर जाळी सपाट अंथरा. वाफ्याच्या बाहेर चारी बाजूंनी वीतभर यायला हवी आणि कडा खाली वाकवून मातीत पुरायच्या, कारण खार मधून प्रयत्न करते, जमलं नाही की कडेला येऊन तिथून उकरते. मधे मधे जाड तारेचे यू आकाराचे आकडे ठोका, वर पातळ मातीचा थर टाका. कुंडीला तर सोपं आहे, जाळी कापून तोंडावर बसवायची आणि काठाखाली तारेने आवळायची.

एक चूक माझ्याकडून झालीय म्हणून आवर्जून सांगते. एका वर्षी मी जाळी काढायला आठ दिवस उशीर केला, ट्युलिपची रुंद पानं भोकांतून वर आली आणि तिथेच आवळली गेली, मग पक्कड घेऊन एकेक तार तोडत बसले तरी कितीतरी पानं फाटली. क्रोकसचं पान बारीक असतं, ते भोकातून सरळ वर येतं, त्याची काळजी नाही. पण ट्युलिपचं टोक मातीतून दिसलं की त्याच दिवशी सपाट जाळी काढा. त्यानंतरही खारी कळ्या तोडतात कधी कधी, त्यासाठी हवं तर तीच जाळी कमानीसारखी उंच वाकवून ठेवा.

बाकी छोट्या गोष्टी. लावताना गळालेली कागदासारखी साल वेचून लांब टाका, तिचा वास राहतो. हाडांचं किंवा मासळीचं खत लावणीच्या वेळी घालू नका, वासाने प्राणी येतातच. तिखटाचा परिणाम सस्तन प्राण्यांवर होतो हे खरं, पण पाणी दिलं की ते धुऊन जातं आणि वाऱ्याने त्यांच्या आणि आपल्याही डोळ्यांत जातं, मी वापरत नाही. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत, त्या मातीत विष सोडतात. आणि दरवर्षी हा लढा नको असेल तर डॅफोडिल, मस्कारी, अलियम असे खारी सहसा न खाणारे फुलांचे कंद जास्त लावा, मधे थोडे ट्युलिप. डॅफोडिलचं कुंपण केलं की ट्युलिप वाचतात असं सांगतात, पण माझ्याकडे खार ते कुंपण ओलांडून मधले काढून गेली, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि एक तपासून बघाच. खार दिवसाच फिरते, अंधार पडला की बाहेर नसते. तुम्ही "दुसऱ्या दिवशी" म्हणताय, पण खड्डे उजाडायच्या आधीच पडलेले होते का? आज संध्याकाळी वाफ्याच्या एका कडेची माती हाताने सपाट करा आणि पहाटे बघा. रात्रीतून उकरलेलं असेल किंवा वरून माती जशीच्या तशी आणि आतून कंद गेलेला असेल तर तो उंदीर किंवा घूस आहे, मग वरची जाळी पुरणार नाही, कंदाच्या खालून आणि बाजूंनीही जाळीचा पिंजरा करून त्यात लावावं लागेल. काय दिसलं ते सांगा, त्यावरून पिंजऱ्याचं माप सांगते.