स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनला ट्रेकसाठी जायचंय, झुरिकला उतरावं की जिनिव्हाला?

डोळे झाकून झुरिक. मुंबईहून थेट विमान आहे आणि रेल्वे स्टेशन विमानतळाच्या पोटातच. तिथून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्टला, म्हणजे लाउटरब्रुनेनची गाडी जिथून सुटते त्या स्टेशनला, साधारण सव्वादोन तास. जिनिव्हाहून जवळपास तीन. थुननंतर जाण्याच्या दिशेने डावीकडची खिडकी धरा, तळं अगदी रुळांलगत येतं.

इंटरलाकेनला पुढच्या गाडीत चढताना मात्र डब्यावरची पाटी वाचाच. गाडी एकच सुटते, पण त्स्वाइल्युट्शिनेनला तिचे दोन भाग होतात: एक लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. रात्रभराच्या जागरणानंतर पाठीवर सॅक घेऊन तिथे डबे बदलायची धावपळ नको.

मों ब्लां शिखराभोवतीची प्रदक्षिणा करणार असाल, तरच जिनिव्हा. तिथून शिखराच्या पायथ्याच्या शामोनीला थेट बस मिळते.