सायकलचा सीटपोस्ट (सीटखालची दांडी) सारखा खाली सरकतो. नवीन घेताना काय बघावं?
आधी जुना सीटपोस्ट काढून खालच्या टोकाजवळ कोरलेला आकडा वाचा. २७.२, ३०.९, ३१.६ मिमी हे नेहमीचे व्यास. ०.२ मिमीने जरी बारीक घेतलात, तरी क्लॅम्प (फ्रेमवर पोस्ट आवळून धरणारी कडी) कितीही आवळा, तो सरकण्याची शक्यता राहतेच. सीट धरणारा भाग दोन बोल्टचा असेल तर उत्तम, मला तोच भरवशाचा वाटतो.

नंतरची काळजी म्हणजे मुख्यतः ग्रीस. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा पोस्ट कोरडाच राहिला, की घाम-पाण्याने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि तो आतच जाम होतो. मग पिळून, ठोकूनही हलत नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांनी काढा, पुसा, ग्रीस लावा. पोस्ट किंवा फ्रेम कार्बन फायबरची असेल तर मात्र ग्रीस नको, कार्बन पेस्टच (पकड वाढवणारी खरखरीत पेस्ट) लावा.

उंची वाढवताना पोस्टवरची किमान खोलीची रेघ (पोस्ट निदान इतका आत हवा, हे दाखवणारी) फ्रेमबाहेर अजिबात दिसू देऊ नका, नाहीतर फ्रेमच तडकू शकते.