दातांची भीती आणि गुंगीचं औषध : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत दाढदुखीपेक्षा खुर्चीची भीतीच जास्त आहे. ‘आता गुंगी देऊन दात काढतात म्हणे’ असं सगळ्यांनी ऐकलंय, पण ती गुंगी म्हणजे काय, याचा घोळ प्रत्येक पत्रात तोच आहे. म्हणून ही एकत्र उत्तरं.

गुंगी दिल्यावर हिरडीत सुई टोचावी लागत नाही ना? (भुसावळ)

टोचावी लागते. गुंगीनं भीती उतरते. दुखणं थांबतं ते जागा बधिर केल्यावरच. आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावून सुई सावकाश दिली आणि ‘हात वर केला की थांबायचं’ असं डॉक्टरांशी ठरवून घेतलं, तर पुष्कळांना गुंगी लागतच नाही. भीती वाटते हे पहिल्याच भेटीत सांगा, लाजू नका.

लाफिंग गॅसनं माणूस बेशुद्ध होतो का? (चोपडा)

नाही. तो नायट्रस ऑक्साइड वायू. ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानं 1844 मध्ये याच वायूच्या अमलाखाली स्वतःची दाढ काढून घेतली होती. काही मिनिटांत बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, अंग हलकं वाटतं. ‘तोंड उघडा’ म्हटलेलं ऐकू येतं आणि उघडताही येतं. शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की अंमल उतरतो. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर उपयोग नाही. गरोदर असाल किंवा अंगात बी-12 जीवनसत्त्व कमी असेल तर आधी सांगा. सगळ्या दवाखान्यांत ही सोय नसते, फोन करून विचारा.

सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्या घरात आहेत. दाढ काढायच्या दिवशी एक घेऊन, गाडीवर एकटीच आले तर चालेल का? (यावल)

नाही, ताई. मुळीच नाही. हा प्रश्न मला सतत येतो. कधी शेजाऱ्याची गोळी असते, कधी ‘एक क्वार्टर मारून येऊ का’ असतं. सासूबाईंना त्या गोळीची सवय झालेली आहे. तुमच्या अंगावर तिचा अंमल किती चढेल, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यात कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा दारू पोटात असेल तर श्वास मंदावतो. शिवाय दाताचं काम तोंडातलं. तिथे पाणी असतं, रक्त असतं, कापसाचा बोळा असतो. गुंगीत ठसका नीट लागत नाही आणि हे सगळं श्वासनलिकेत उतरू शकतं. तुम्ही गोळी लपवलीत आणि डॉक्टरांनी वर आपली दिली, तर काय होईल?

डॉक्टर स्वतः गोळी देतात तेव्हा वय, वजन, घोरणं, दमा, चालू औषधं सगळं विचारून, साधारण तासभर आधी देतात. बोटाला चिमटा लावून नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन बघत राहतात. न्यायला घरचं माणूस लागतंच. त्यानंतर 24 तास गाडी नाही, गॅसपाशी एकटं उभं राहणं नाही, शेतीच्या कागदावर सही नाही. माणूस बोलतो, चालतो, ठीक दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काही आठवत नाही. सोबतीला कोणी नसेल, तर गोळीची गुंगी तुमच्यासाठी नाही. ती गोळी तिच्या जागी ठेवा आणि डॉक्टरांशी बोला.

‘झोपेत एकाच दिवशी सगळे दात, आजच बुक केल्यास सवलत’ अशी जाहिरात पाहिली. जावं का? (अमळनेर)

गुंगीवर सवलत लावणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचारा : नसेतून औषध कोण देणार, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असेल का, श्वास अडला तर ऑक्सिजन आणि गुंगीवरचं उताऱ्याचं औषध जागेवर आहे का? उत्तर देताना चाचरला तर उठून या. आणि सगळे दात काढायची खरंच गरज आहे का, हे दुसऱ्या दंतवैद्याला दाखवून घ्या.

पाच वर्षांच्या मुलाच्या सहा दाढा किडल्यात. पूर्ण भूल द्यायला सांगतात. भीती वाटते. (शिरपूर)

अशा मुलांसाठी हा मान्य मार्ग आहे, पण रुग्णालयात आणि भूलतज्ज्ञाच्या हातानेच. बालदंततज्ज्ञाला भेटून आधी दुसरा पर्याय आहे का, ते विचारा.

दाढेला पू झालाय, गाल सुजलाय. भीतीमुळे लग्नसराई उलटल्यावर गुंगीत काढू म्हणतोय. (नंदुरबार)

आजच दाखवा. पू झालेल्या जागी बधिरतेचं इंजेक्शन नीट चढत नाही, म्हणजे तुम्ही थांबून दुखणंच वाढवताय. सूज जबड्याखाली उतरली, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास झाला, ताप आला, तर दवाखाना शोधत बसू नका. थेट सरकारी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

गुंगीच्या दिवशी उपाशी राहायला सांगितलंय. एक केळं चालेल का? हलकंच असतं. (रावेर)

नाही. केळं अन्नातच धरतात, त्याला सहा तास. साध्या पाण्याला दोन. मधुमेह असेल तर सकाळच्या गोळीचं किंवा इन्सुलिनचं काय करायचं, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.