डोळ्यांना दुसरी, कानांना परकी

प्रश्न : मुलगी आठवीत, मराठी माध्यमात आहे. मोबाइलवरच्या इंग्रजी धड्यांत काही ‘दुसरी भाषा म्हणून’, तर काही ‘परकी भाषा म्हणून’ असे म्हणतात. तिच्यासाठी कुठले घ्यावेत? – एक पालक, गुहागर

उत्तर : इंग्रजी तीच, फरक वर्गाच्या दाराबाहेर काय आहे याचा. लंडनला स्थायिक झालेल्या मराठी बाईला बस, दवाखाना, दुकान सगळीकडे इंग्रजीच ऐकावी लागते, म्हणून तिच्या वर्गात चुका सुधारल्या तरी पुष्कळ झाले. ही दुसरी भाषा. जपानमधल्या मुलाची इंग्रजी तास संपला की संपते. ही परकी. तिथे ऐकवण्या-बोलवण्याची सगळी तरतूद वर्गालाच करावी लागते.

भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली : ब्रिटन-अमेरिकेसारखे देश आतल्या वर्तुळात (इंग्रजी मातृभाषा), भारत-नायजेरिया-सिंगापूर बाहेरच्या (दुसरी भाषा), जपान-चीन विस्तारणाऱ्या (परकी भाषा). आपल्या उच्च न्यायालयांचे कामकाज राज्यघटनेच्या कलम ३४८नुसार मुख्यतः इंग्रजीत चालते, तेव्हा देश म्हणून आपण ‘दुसरी भाषा’वाले. पण वर्तुळे देशांची आहेत, वाड्यांची नव्हेत. गुहागरात औषधाच्या पाकिटावर, मोबाइलच्या सेटिंगमध्ये इंग्रजी आहे. मासळीबाजारात, ग्रामसभेत, एसटीत ती कानावर पडत नाही. म्हणून वाचनासाठी ‘दुसरी भाषा’वाले साहित्य चालेल, ऐकण्या-बोलण्यासाठी मात्र ‘परकी भाषा’वालेच धडे घ्या. त्यांत बाहेरून काही मिळेल असे गृहीत धरलेले नसते.

शाळेवर किती विसंबावे, ते हिशोबानेच पाहा. सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस शाळा. रोज ४० मिनिटांचा तास धरला तर १४७ तास होतात. वर्गात ४० मुले असतील आणि निम्मा वेळ शिक्षक बोलले, तर उरलेल्या २० मिनिटांत एकेकाच्या वाट्याला अर्धा मिनिट येतो. यात शिक्षकांचा दोष नाही.

घरी रोज २० मिनिटे काढा. एका मिनिटाचा ध्वनिमुद्रित उतारा घ्या. आधी दोनदा नुसता ऐकायचा. तिसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून, कानाने निसटलेल्या शब्दांखाली रेघ मारायची. मग आवाजाच्या पाठोपाठ, न थांबता बोलायचे. शेवटी मजकूर मिटून तीन वाक्यांत सांगायचे, तेही मोबाइलवर रेकॉर्ड करून. हाच उतारा तीन दिवस. शंभरात पाचाहून जास्त शब्द अनोळखी निघाले तर तो तिच्यासाठी जड आहे, सोपा घ्या. पहिल्यापासून सबटायटल लावणे ही हमखास चूक : मग डोळे वाचतात आणि कान आराम करतात.

मराठीतून येणाऱ्या दोन चुका आधी पकडा. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ हे आपल्या ‘पासून’चे प्रताप. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘२०२२पासून’ दोन्हीकडे आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मुदतीला ‘फॉर’, सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’, आणि दोन्हींसोबत ‘हॅव बीन लिव्हिंग’. दुसरी चूक व्ही आणि डब्ल्यूची. आपला ‘व’ या दोहोंच्या मधला आहे. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात; डब्ल्यूला ओठ गोल होतात, दात लागत नाहीत. आरसा समोर ठेवून ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ म्हणायला लावा.

प्रश्न : मर्चंट नेव्हीत जायचे आहे. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? – एक विद्यार्थी, हर्णै

उत्तर : लावा, पण त्यावर थांबू नका. जहाजावरची इंग्रजी दुसरी नाही, परकीही नाही. ती मापून कापलेली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१मध्ये प्रमाण सागरी वाक्यांश मंजूर केले, तेच पाठ करायचे. निरोपाआधी त्याचा प्रकार सांगतात : क्वेश्चन, ॲन्सर, वॉर्निंग, रिक्वेस्ट असे एकूण आठ. ‘मे आय एंटर द फेअरवे?’ (फेअरवे म्हणजे जहाजांच्या ये-जा करण्याचा जलमार्ग) शिष्टाचाराचे वाटते, पण ‘मे’चा अर्थ परवानगी की शक्यता, यात घोटाळा होतो. म्हणून ‘क्वेश्चन. डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?’ आकडे सुटे बोलतात : १५० म्हणजे ‘वन-फाइव्ह-झिरो’, कारण वायरलेसच्या खरखरीत ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ सारखेच ऐकू येतात. सुकाणूच्या अंशांना मात्र अपवाद आहे, तिथे ‘पोर्ट फिफ्टीन’ (डावीकडे पंधरा अंश) असेच म्हणायचे. सुकाणूवरच्या माणसाने मिळालेला हुकूम शब्दशः परत म्हणायचा असतो. मासेमारी बोटीवर तांडेलाला ‘हो’ म्हणून भागते, इथे नाही. दोघांनी आळीपाळीने हुकूम देणारा आणि घेणारा होऊन, पाठमोरे बसून सराव करा.

प्रश्न : तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. परदेशी पाहुण्यांशी बोलण्यापुरती इंग्रजी किती लागेल? – एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : साठेक वाक्ये. पाहुणे खरोखर विचारतात ते प्रश्न महिनाभर वहीत टिपा. गरम पाणी, पैसे, बोटीची वेळ, तिखटपणा हेच पुन्हापुन्हा येईल. त्यांची उत्तरे इंग्रजीच्या जाणकाराकडून तपासून भिंतीवर लावा. पदार्थांची नावे भाषांतरित करू नका. सोलकढीला ‘कोकम ज्यूस’ म्हटले तर नारळाच्या दुधाचा पेला पाहून पाहुणा बुचकळ्यात पडतो. आधी ‘सोलकढी’ म्हणा, मग ‘मेड विथ कोकोनट मिल्क अँड कोकम’.